दुपारच्या झोपेची शाळा

दुपारी झोपणाऱ्या माणसांबद्दल जगाचं मत फारसं चांगलं नाही. आमच्या नाशिककडे पुरुष जेवून आडवे झाले की त्याला वामकुक्षी म्हणतात आणि बायका झाल्या की लोळणं म्हणतात. मी या भेदाला कधी भीक घातली नाही. जेवण झालं की माझ्या पापण्या जड होतात आणि मग काही काळ मी कुणाचीच नसते. नवरा इथे चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेत संशोधन करतो. त्याला माझ्या झोपेत काहीतरी तपासण्यासारखं आहे असं वाटतं. मुलगी चंदीगडातच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "आई, आप फिर सो गए?" हे तिचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तेही अंगाईसारखं वाटतं.

म्हणून कॉलनीतल्या बालवाडीत मला लहान मुलांना दुपारी झोपवण्याचं काम मिळालं तेव्हा घरात हशा पिकला. देवाने अखेर माझ्या गुणांची कदर केली, असं मी म्हटलं.

आमच्या सेक्टरची मागची भिंत ओलांडली की कॉलनी सुरू होते. भिंतीला एक फाटक आहे. सकाळी त्यातून बायका या बाजूला येतात, कोठ्यांमधली, म्हणजे इथल्या बंगल्यांमधली, भांडी, फरशी, स्वयंपाक उरकतात आणि दुपारी उशिरा परत जातात. त्यांच्या खोल्या एकेका दाराच्या, आत अंधार आणि बाहेर पाण्याची पिंपं. बालवाडी होती रेशनच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. आधी ती बाराला सुटायची. मग आया अर्धवट काम टाकून धावायच्या, नाहीतर मूल सोबत न्यायच्या. ते मूल कुणाच्या तरी जिन्यात बसून राहायचं, कपडे धुण्याच्या मशीनला टेकून झोपायचं आणि हळूहळू बालवाडीला येणंच सोडायचं. बालवाडी चालवणाऱ्या दीदी शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच आणि कडक पंजाबी बाई. "माँ का काम टिकेगा तो बच्चा टिकेगा," असं म्हणून त्यांनी तीनपर्यंत दार उघडं ठेवायचं ठरवलं. लग्नाआधी मी नाशकात बालवाडी चालवली होती, म्हणून दुपार माझ्याकडे आली.

त्या दुपारी आठवल्या की अजून मला जांभई येते, आणि ती समाधानाची असते. खिडक्यांना हिरवे पडदे होते. थंडीतलं ऊन त्यातून गाळून आत यायचं आणि सगळी खोली तळ्याच्या तळाशी असल्यासारखी दिसायची. सतरंजीवर मुलं ओळीने पडलेली, कुणाच्या तोंडाभोवती डाळीचा पिवळा ठसा, कुणाच्या एकाच पायात मोजा. विमानतळाकडे उतरणारं एखादं विमान खूप खालून जायचं, त्याची घरघर भिंतीत शिरायची आणि विरून जायची. मग एकेक श्वास लांबत जायचा. आधी कोपऱ्यातले जुळे भाऊ, मग त्यांच्या शेजारची, मग सगळी रांग. झोप खोलीत शिरताना मला दिसायची, अगदी खरी, पायांनी चालत येणारी. ती माझ्यापर्यंत पोचली की मीही जायचे.

दीदींचा नियम मात्र पक्का होता. कुणाला थोपटायचं नाही, कुशीत घ्यायचं नाही. "आज आप थपकोगे, कल कौन थपकेगा?" त्यांच्या मते स्वतःचं स्वतः झोपता येणं हा पहिला धडा, अक्षरं त्यानंतर. मला हे फार रुक्ष वाटायचं. मी आतल्या आत कुरकुरायचे आणि त्यांची पाठ वळली की थोपटायचे.

ज्या बाईची ही गोष्ट आहे ती मला बालवाडीत नाही, तंदुरावर भेटली. सेक्टरच्या मार्केटमागे जांभळाच्या झाडाखाली एका म्हाताऱ्या आजींचा, सगळ्यांच्या बीजींचा, तंदूर होता. इथली पद्धत अशी की कणीक घरून मळून न्यायची, डबा रांगेत ठेवायचा, उन्हात बसून गप्पा मारायच्या आणि गरम रोट्या फडक्यात गुंडाळून घरी आणायच्या. प्रत्येक घराची कणीक वेगळी, कुणाची कुणात मिसळत नाही. मी तिथे नवी असताना मोठ्या ऐटीत डबा घेऊन गेले. आत पोळीची कणीक होती, तेलाचा हात लावून चांगली मळलेली, माझ्या आईने शिकवली तशी. बीजींनी रोटी थापून तंदुराच्या भिंतीला लावली आणि ती सुळकन घसरून निखाऱ्यात पडली. दुसरीही पडली. रांगेतल्या सगळ्या बायका माना वर करून बघू लागल्या.

"नी कुडिये, एह आटा है कि साबण?" बीजी म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी गोळे करत बसलेली तरुण बाई तोंडावर ओढणी धरून हसली. मग तिने माझा डबा घेतला, स्वतःच्या परातीतले गोळे मला दिले आणि माझी तेलकट कणीक घरी नेऊन तव्यावर भाजते म्हणाली. हसताना तिची ओढणी सरकली तेव्हा मला तिचे कान दिसले. दोन्ही कानांच्या पाळ्या भोकापासून खालपर्यंत चिरलेल्या होत्या. मी पाहिलं हे तिने पाहिलं आणि ओढणी पुन्हा ओढून घेतली.

ती बदायूंकडची. नवरा रंगकामाला जायचा, धुक्याच्या दिवसांत ते काम बंदच असायचं. ती सकाळी दोन कोठ्यांत फरशी पुसायची आणि उरलेल्या वेळात बीजींच्या हाताखाली शिकायची. तंदुरात हात घालून घालून तिच्या उजव्या हातावरची लव जळून गेली होती, आणि तो गुळगुळीत हात ती मला कौतुकाने दाखवायची. पुढे ओळख वाढल्यावर तिने कानांचंही सांगितलं. लग्नातले झुमके जड होते, ते रोज घालून एक पाळी चिरली, दुसरी कपडे पिळताना ओढणीत अडकून. झुमके आता नव्हते. कुठे गेले ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण कान शिवून मिळतात हे तिला एका कोठीतल्या मॅडमकडून कळलं होतं. "अपना काम हो जाए ना जी, तो सबसे पहले कान सिलवाऊँगी," ती म्हणायची. घर, फ्रीज, मोबाइल असलं काही नाही, कान.

आणि आपलं काम तिच्या अगदी हाताशी आलं होतं. बीजींचा मुलगा कॅनडात होता, तो होळीनंतर त्यांना घेऊन जाणार होता. तंदूर कुणाच्या तरी हाती देऊन जायचा होता आणि त्यांच्या मनात हीच होती. पण मार्केटमधला एक ढाबेवालाही त्या जागेवर डोळा ठेवून होता. बीजींची अट एकच, दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा तंदूर तापलेला दिसला पाहिजे. एकदा लोक डबा घेऊन आले आणि रोट्यांशिवाय परत गेले की पुन्हा येत नाहीत. आणि तंदुराजवळ मूल आणायचं नाही. यावर त्या एक शब्द ऐकून घ्यायच्या नाहीत.

तिला मुलगी होती, चौथं लागलेली, गोल डोळ्यांची, फारच कमी बोलणारी. सकाळी ती बालवाडीत रमायची, मणी ओवायची, चित्रातल्या गाईला गवत भरवायची. संध्याकाळी नवरा घरी असायचा, अडचण दुपारची होती. आईच्या कानाची पाळी हातात घेतल्याशिवाय तिला झोप यायची नाही. त्या चिरलेल्या पाळीच्या फटीत बोट घालायचं, ते मागेपुढे करत राहायचं, मग डोळे मिटायचे. जन्मापासून असंच.

पहिल्या दुपारी तिने हंबरडा फोडला आणि सगळी रांग जागी केली. जुळे भाऊ तिला साथ द्यायला लागले. दीदींनी मला आईला बोलवायला पाठवलं. आई कणकेच्या हातांनी धावत आली, सतरंजीवर कलंडली, मुलीच्या हातात कान दिला, आणि ती झोपल्यावर पावलं न वाजवता परत धावली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिकडे तंदुरात रोट्या करपत होत्या आणि डबेवाल्या बायका उन्हात घड्याळ बघत होत्या.

दीदी वाईट नव्हत्या. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "एक के पीछे सब उठेंगे तो बाकी माँओं का काम जाएगा. होली तक देखूँगी." बीजींनीही होळीच सांगितली होती. एका लहान मुलीच्या झोपेला दोन्हीकडून तीच मुदत मिळाली. मला दोघींचा राग आला, आणि दोघी बरोबर होत्या म्हणून जास्तच आला.

मग मी माझा कान पुढे केला. दीदी खाली हिशेब बघत असताना मी त्या मुलीशेजारी आडवी झाले. तिने माझी पाळी चिमटीत धरली, कुडीला हात लागताच कपाळाला आठ्या घातल्या आणि उठून बसली. दुसऱ्या दिवशी मी कुड्या घरी काढून ठेवून गेले. तिने एक कान तपासला, मग माझं डोकं दोन्ही हातांनी वळवून दुसरा तपासला. मोठ्या डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून ती म्हणाली, "तुम्हारा बंद है."

"चला लेगी?" मी विचारलं. दुधाची तहान ताकावर भागते का, तेवढंच बघायचं होतं.

ती बिचारी प्रयत्न करत राहिली. माझ्या कानावर तिची बोटं फिरत होती, फट शोधत होती. बोटांना दुधाचा आणि मेणाच्या खडूंचा वास होता. पडद्यातलं हिरवं ऊन माझ्या पापण्यांवर हलत होतं, दूर कुठेतरी भाजीवाला ओरडत होता. मग तो भाजीवाला नाशकात, आमच्या जुन्या गल्लीत ओरडायला लागला, आणि माझा कान धरून माझी मुलगी झोपली होती, तान्ही, अजून एकही हिंदी शब्द न शिकलेली. मी जागी झाले तेव्हा दीदी समोर उभ्या होत्या. सगळी मुलं झोपली होती, मी झोपले होते, आणि ती मुलगी माझ्या डोक्याशी मांडी घालून बसली होती. माझी पाळी तिने अजून सोडली नव्हती. आई येईपर्यंत ती मला राखत असावी.

"वाह," दीदी म्हणाल्या. "टीचर सो गई." त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

धुकं विरळ झालं, सेक्टरच्या रस्त्यांवरची झाडं पानं गाळू लागली. इथे पानगळ वसंतातच होते. होळी जवळ आली. एका दुपारी आई मुलीपाशी आली असताना ढाबेवाल्याने येऊन तंदुराभोवतीची जागा पावलांनी मोजून पाहिली. बीजींनीच तिला हे सांगितलं आणि वर म्हणाल्या, "पुत्त, मैं तां देणा चाहंदी हां. पर तू इत्थे दिसदी नहीं." हे मला सांगताना ती रडली नाही, गोळे करत राहिली. मला मात्र तिथेच, रांगेतल्या सगळ्यांसमोर, रडू आलं. तिनेच मला पाणी दिलं.

त्यानंतरच्या एका सकाळी दीदींनी मुलांना खेळायला कणीक दिली. हळद घातलेली, मऊ. मुलांनी साप केले, चंद्र केले, रोट्या तर सगळ्यांनीच केल्या. जेवणाआधी मी गोळे गोळा करून डब्यात भरले. कुणी एखादा लपवला का ते बघण्याचं मला सुचलं नाही, कारण मला भूक लागली होती आणि त्यामागून येणारी झोप दिसायला लागली होती.

पडदे ओढले. मी तिच्याशेजारी बसून हंबरड्याची वाट बघत राहिले. ती कुशीवर वळली होती. तिच्या मुठीत काहीतरी पिवळं होतं. चिमटीत धरून तिने ते चपटं केलं, पातळ केलं, मग मधोमध नख रुतवून खालपर्यंत चीर पाडली. चीर नीट झाली नाही म्हणून मोडून पुन्हा केली. मग त्या चिरेत बोट घातलं आणि ते मागेपुढे करायला लागली. दीदी दारात येऊन उभ्या राहिल्या. कणीक जागेवर न ठेवणाऱ्या मुलांना त्या एरवी सोडत नसत, पण आज त्यांनी तो गोळा तिच्या हातात राहू दिला. विमान गेलं, त्याची घरघर भिंतीतून विरली. बोट हळू झालं. मग थांबलं.

दीदींचं बरोबर होतं, एवढं मी तेव्हाच कबूल केलं. माझं सगळं शिक्षण, माझा आख्खा कान कामी आला नाही, आणि तिने आपलं आपण शोधलं. कानामागून आलेली कणीक तिखट झाली म्हणून मला थोडा हेवाही वाटला.

त्या दिवशी बोलावणं गेलं नाही. आई तरीही आली. बोलवायला कुणी येत नाही म्हणून ती घाबरली होती, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून दारात पोचली. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मुलीकडे दाखवलं. आता ती माझा हात धरेल, देवाचे आभार मानेल, असं मला वाटलं होतं.

"मेरे बिना सो गई?"

मी हळूच कणकेचा तुकडा दाखवला. ती वाकली, तो कान नीट पाहिला. मग ओढणी मागे सारून ती मुलीशेजारी आडवी झाली आणि आपला कान तिच्या हाताजवळ नेला. अगदी जवळ, बोटांना टेकेल इतका. मुलीचा हात हलला नाही. आईच्या डोळ्यांतून पाणी नाकावरून उतरून सतरंजीवर पडत होतं. मी पडद्याकडे बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने ती उठली, तोंड पुसलं, आणि फाटकाकडे न धावता चालत गेली.

त्या दुपारपासून तंदूर थंड पडला नाही. मुलगी रोज जेवणानंतर दीदींच्या डब्यातून गोळा मागून घ्यायची आणि आपला कान करायची. होळीनंतर बीजी कॅनडाला गेल्या. जाताना त्यांनी तंदुराला हात जोडले, हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ढाबेवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आशीर्वाद दिला. हिने एक कोठी सोडली, मग दुसरीही. जांभळाच्या झाडाखाली तिने सावलीसाठी निळी ताडपत्री बांधली. रंगकाम नसेल त्या दिवशी नवरा लाकडं फोडून द्यायचा आणि तिने सांगितलेलं मुकाट ऐकायचा. हे दृश्य बघायला मी मुद्दाम लवकर जायचे.

उन्हाळा सुरू झाला, अमलतास, म्हणजे आपला बहावा, पिवळा झाला. आम्ही सुट्टीला नाशिकला जाऊन आलो. परतल्यावर पहिल्याच दुपारी मी डबा घेऊन तंदुरावर गेले. ती वाकून रोटी काढत होती. सरळ झाली तेव्हा तिच्या उजव्या कानात सोन्याचा ठिपका चमकला. पाळी सांधलेली होती, मध्ये फक्त एक बारीक रेघ. ओढणी खांद्यावर होती, डोकं उघडं. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती आणि मी तसं म्हटलंही. ती लाजून दुसरीकडे वळली, तर डावा कान रिकामा.

"अगं बाई, दुसरं पडलं की!" मी मराठीतच ओरडले आणि तंदुराभोवतीची राख चपलेने उकरायला लागले. रांगेतल्या दोघी-तिघीही वाकल्या.

"गिरा नहीं है जी," ती हसत म्हणाली. "एक ही सिलवाया."

"क्यों? दोनों साथ में हो जाते ना?"

"डॉक्टर ने भी यही बोला."

तिने माझा डबा उघडला, कणीक बोटाने दाबून पाहिली, गोळा तोडला. मी विचारलं, मुलगी अजून कान मागते का? तिने मान हलवली. आता घरीही ती स्वतःची स्वतः झोपते, कणीकही लागत नाही, पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जाणार. हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता, रांगेतल्या सगळ्यांनी ऐकावा असा.

मग रोटी थापता थापता तिने डाव्या कानाच्या चिरेला मनगटाने हलकेच स्पर्श केला.

"माँगती नहीं है," ती म्हणाली. "पर कभी माँग ले, तो हो तो सही."